पत्ताकोबी आणि आईचा भात

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं, तेव्हा मी दवाखान्यातच चिडले. साखर उतरल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही, म्हणाले. आई माणसं आवाजावरून ओळखायची. आदिलाबादेत आमचं घर अगदी रस्त्याला लागून. ती एकटी दाराकडे निघाली की मी हातातलं काम टाकून मागे धावायचे.

साखरेच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवल्या आणि सांगितलं, भात कमी करा, त्या जागी पत्ताकोबी वाढा. तिच्यात साखर थोडी, चोथा पुष्कळ. पोट भरतं आणि साखर एकदम उसळत नाही. मी तर हरखूनच गेले. थंडीत शेतकऱ्यांच्या रैतू बाजारात पत्ताकोबीचे ढीग लागतात, आणि आईला ती भारी आवडते! पिशवी भरून गड्डे आणले. कधी हरभऱ्याची डाळ घालून, कधी बेसन पेरून, कधी कच्च्या पत्ताकोबीवर नुसती मोहरीची फोडणी. शाळेत बाकीच्या मॅडमना मी पत्ताकोबीवर व्याख्यानं देऊ लागले.

पुढच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली.

गोळ्या चुकल्या नव्हत्या. मग घोळ कुठे? एका सुट्टीच्या दिवशी दुपारी आईशेजारी जेवायला बसले आणि कळलं. पत्ताकोबी ती मनापासून खात होती, पण आधीइतकाच भात घेऊन. शिवाय भाजी चवदार झाली म्हणून वर आणखी एकदा भात. तिच्या मते पत्ताकोबी हे औषध होतं. औषध पोटात गेलं की भात खायला मोकळीक.

मी भडकले. उद्यापासून भात बंद, पत्ताकोबीसोबत ज्वारीची एक भाकर, एवढंच. आईने ताट सरकवलं.

"ज्वारी मजुरीत भेटे बाई," ती म्हणाली. "लेकरायले भात चारीन म्हनूनच त शिकवलं तुमाले."

माझा राग कुठल्या कुठे गेला. आमच्या वस्तीत ज्याला नोकरी लागली, त्याच्या घरातून आधी ज्वारी गेली आणि भात आला. पाहुण्यासमोर भाकर ठेवायची आम्हाला लाज वाटायची. मला तर आईने भाकर थापू दिलीच नाही; मी परातीजवळ बसले की पुस्तक घे म्हणायची.

पण डोळे हवे होते. मी ज्वारीचं पीठ आणलं आणि थापायला बसले. भाकर हातातच फाटली. दुसरीही फाटली. आई पलंगावरून थापण्याचा आवाज ऐकत होती. तिला राहवेना. पिठाचा सत्यानाश करून राह्यली म्हणत ती चाचपडत आली, गोळा ओढून घेतला आणि थापू लागली. त्या हातांना डोळे लागतच नव्हते! तव्यावर भाकर टम्म फुगली आणि मी टाळ्या वाजवल्या. स्वतः थापलेली टाकून देणं तिच्याने होईना. कुरकुरत का होईना, ताटभर पत्ताकोबीसोबत तिने ती खाल्ली. मग रोज तीच थापू लागली.

हिवाळा सरता सरता साखर उतरली. ऑपरेशन करू, असं डॉक्टर म्हणाले आणि मला हसू की रडू कळेना. येताना ऑटोवाल्यालाही ती बातमी तेलुगूत सांगून टाकली.

ऑपरेशननंतर डोळ्याची पट्टी निघाली, तरी धग नको म्हणून काही दिवस मीच चुलीपाशी होते. माझी वेडीवाकडी भाकर आणि पत्ताकोबीची भाजी आईपुढे ठेवली. तिने भाकर मोडली नाही. उचलून खिडकीच्या उजेडात धरली, उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली. मला वाटलं, आता नाव ठेवणार.

"आमाले पावसात भिजलेली ज्वारी देत, काळी पडलेली," ती म्हणाली. "अशी पांढरी त मालकाच्या घरी असे."