चार लिंबं, तीन दांडे

येलहंक्याच्या शाळेत मला नोकरी लागली, पण शाळेच्या वेळेला बस नव्हती. अंगणात मात्र लष्कराच्या लिलावातून घेतलेली जीप उभी असे. यजमान सरकारी कारखान्यात इंजिनिअर. ते सायकलने जात. गाडी चालवायला मी माहेरीच शिकले होते, पण त्यांची अट होती, यंत्र समजल्याशिवाय जीपला हात लावायचा नाही. आणि दसऱ्यानंतरच्या सोमवारी मला कामावर हजर व्हायचं होतं.

जीपला तीन दांडे होते. पहिला नेहमीचा, गिअरचा. एरवी इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना मिळे. दुसरा दांडा टाकला की पुढच्यांनाही. तिसऱ्याने गाडी बैलासारखी सावकाश पण जोरकस होई, चिखलासाठी आणि चढासाठी. हे सगळं यजमानांनी रंगीत पेन्सिलींनी काढून समजावलं. कोरड्या रस्त्यावर दुसरा टाकला तर काय बिघडतं, असं मी विचारलं. दोनापेक्षा चार केव्हाही बरी, म्हणाले, आणि असला प्रश्न पडतो म्हणून मला नापास केलं.

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, आमच्या घरमालकीण अक्कांनी चार चाकांखाली चार लिंबं ठेवली; गाडीने ती चिरडली की दृष्ट जाते म्हणे. त्या पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, कानडी मुलखातल्या मराठी. यजमानांना वाटलं, पुढच्या चाकांना जोरच नाही, म्हणजे पूजा अर्धीच होणार. त्यांनी दुसरा दांडा टाकला. चारही लिंबं चिरडली आणि आम्ही तिघं तसेच अक्कांच्या बहिणीकडे येलहंक्याला निघालो.

पहिल्या वळणावर स्टिअरिंग जड झालं. दुसऱ्यावर टायर किंचाळले. तिसऱ्यावर यजमानांना दांड्याची आठवण झाली. गाडी थांबवून त्यांनी तो दोन्ही हातांनी ओढला, तरी निघेना.

"एक लिंबू नीट फुटलं नाही, अण्णा," अक्का मागून यजमानांना म्हणाल्या. "मी बघितलं होतं."

मी विचार करत होते. वळताना पुढची चाकं मोठी फेरी घेतात, मागची लहान. दांड्याने मात्र दोन्हींना सारखंच फिरायला बांधलेलं. चिखलात चाक घसरतं आणि भागतं. डांबरावर घसरणार कुठे? मग मधल्या लोखंडाला पीळ पडतो. मी आणि अक्का रोज ओलं नऊवारी दोन टोकांना धरून पिळत होतो. तो पीळ ओढून कधी सुटला नव्हता.

"चाकं सरळ करा," मी म्हटलं, "आणि गाडी थोडी मागे घ्या."

"मागे घेऊन काय होणार?"

"उलटा पीळ."

त्यांनी गाडी मागे घेतली. तेवढ्यात अक्कांनी खाली उतरून कापूर पेटवला होता. दांडा खटकन निघाला.

यजमान उतरले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. मी स्टिअरिंगपाशी सरकले. अक्का पुढे येऊन बसल्या, कापराची डबी मांडीवर उघडीच ठेवून.

"सरी, ठीक झालं," त्या म्हणाल्या. "आता तू सावकाश चालव. कापूर आहे अजून."