आडवे चढायला शिकवणारे देवरावजी

देवरावजींची आणि आमच्या घराची ओळख झाली ती रुसव्यातून. रोहण्याच्या पुढे नाल्याकाठी आमची भाज्यांची वाडी. वरच्या अंगाला मातीचे छोटे धरण, आणि देवरावजी त्या धरणाचे चौकीदार. एका सकाळी ते वाडीत आले आणि बाबांना विचारू लागले, तुमच्या आईंना टेकडी चढायला किती वेळ लागेल? बाबांना वाटले, हा गृहस्थ धरण फुटायचीच वाट पाहतो आहे. त्यांनी देवरावजींना साधा चहा विचारला नाही. आमच्या भागात यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

देवरावजी रोज सकाळी धरणाच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी काचेच्या पेल्यात घेत आणि उजेडात धरून पाहत. मातीचे धरण थोडेफार झिरपतेच; पाणी नितळ आहे तोवर चिंता नाही. गढूळ आले, तर आतली माती वाहू लागली असे समजायचे. सेवानिवृत्तीनंतरही त्यांचा हा नेम सुटला नाही. लोक थट्टा करत, ते मिशीत हसत.

मात्र हे काम हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. धरण फुटले तर म्हणून टेकडी चढायचा सराव करा, असे गावाला म्हटले असते तर एकही माणूस आला नसता, हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी मुलांचा तान्हा पोळा हाताशी धरला. लाकडी नंदीबैलांची मिरवणूक चौकात न संपवता मारुतीच्या टेकडीवर न्यायची, असे त्यांनी गावाच्या गळी उतरवले. नातवंडांमागे आजी-आजोबाही चढू लागले. देवरावजी वर घड्याळ लावून बसत. कोण कुठे दमते ते पाहून पुढच्या वर्षी कोणाला कोणी उचलायचे ते ठरवत. आर्वीच्या रस्त्याने पळायचे नाही, तो नाल्याच्या काठाकाठानेच जातो. असाल तिथून आडवे, म्हणजे नाल्याकडे पाठ करून टेकडीवर चढायचे, एवढाच त्यांचा धडा.

काही वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात एका सकाळी पेल्यातले पाणी गढूळ निघाले. देवरावजींनी धरणाच्या साहेबांना फोन केला आणि उत्तराची वाट न पाहता देवळाच्या भोंग्यावरून गावाला वर बोलावले. गुरांची दावी सोडून लोक निघाले. बाबा आजीला पाठीवर घेऊन चढले.

मी मात्र नाल्यात उतरलो होतो. पाणी चढू लागले की भाजीवाला आधी पंपाची मोटार काढायला धावतो. दर पावसाळ्यात आम्ही तेच करत आलो. पावसाचे पाणी तेवढी सवड देते. धरणाचे देत नाही, हे डोक्यात शिरले नव्हते. मी पान्याने बोल्ट सोडवत होतो आणि देवरावजी काठावर येऊन उभे राहिले. कोणीही खाली उतरायचे नाही हा त्यांचाच नियम, तो त्यांनी माझ्यासाठी मोडला होता. ते ओरडले नाहीत.

"मोटार गेली तं मी तुह्या बापाजवळ बसून रडीन. तू गेला तं मले त्याच्याजवळ बसता येणार नाई."

मी पाना तिथेच टाकला. अर्ध्या टेकडीवर पोचलो तोच धरण फुटले आणि आम्ही आमची वाडी जाताना पाहिली: मोटार, कारल्याचे मांडव, बाजारासाठी तोडून ठेवलेली वांगी, सारे काही. माणूस एकही गेला नाही. दुसऱ्या दिवशी देवरावजी आले, गाळात बाबांशेजारी बसले आणि म्हटल्याप्रमाणे खरोखर रडले. त्यांचे स्वतःचे शेतही त्याच पाण्यात गेले होते, हे मला पुष्कळ उशिरा आणि दुसऱ्यांकडून कळले.

गाव आता देवरावजींचा सत्कार करते आहे आणि त्यासाठीच हा लेख; पण या सत्काराला ते सहजी तयार झाले नाहीत. पाणी उतरल्यावर हारतुरे, आणि चढायच्या आधी कोणी का ऐकत नाही, असे त्यांनी आम्हांलाच सुनावले. बोलणे खरेच होते.

मी आता नोकरीमुळे सिंदी मेघेला राहतो. हा लेख लिहायला बसलो तेव्हा बाबा शेजारीच होते. तुमच्या वतीने काय लिहू, असे मी त्यांना विचारले. मला वाटले होते, ते देवरावजींना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य चिंततील. ती माझी आणि साऱ्या गावाची मनापासूनची इच्छा आहेच. बाबांनी माझ्या लिहित्या हाताकडे पाहिले.

"लेहाचं काय त्यात?" ते म्हणाले. "तू लेहून राह्यला, तेच दाखवजो त्यायले."