दिसतं तेवढंच

हाजराताईंचं ज्यावर मत नाही अशी वस्तू आमच्या विद्यापीठात कुणाला सापडली नव्हती. कँटीनच्या रश्श्यापासून साहेबलोकांच्या चपलांपर्यंत त्या सगळ्यावर बोलायच्या. अशा बाईला अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून सीडीवर उतरवायचं काम द्यावं, हे कुणाच्या डोक्यातून आलं, देव जाणे. रेकॉर्डिंग मी सांभाळायचो.

मजकूर त्या सरळ वाचत. घोटाळा चित्रांपाशी व्हायचा. चित्रात काय आहे ते शब्दांत सांगायचं असे, आणि तिथे ताईंना राहवत नसे. "आकृती सात. संकरित गाय. गाय उत्तम आहे. कासरा धरलेला माणूस मात्र घाबरलेला आहे, फोटोपुरता उभा केलेला दिसतो." मी हसू दाबायचो आणि रेकॉर्डिंगमधून पुसायचो काहीच नाही.

सटाण्याकडच्या हिरामणने ही दुग्धव्यवसायाची सीडी तोंडपाठ केली. जन्मापासून अंध असलेल्या या पोराला पदविका मिळाली की गावच्या डेअरीत घेणार होते. परीक्षेत त्याने लेखनिकाला सांगितलं, संकरित गायीचं पहिलं लक्षण म्हणजे तिला धरणारा माणूस घाबरतो. बाकीच्या उत्तरांतही अशीच माणसं शिरली होती. तो नापास झाला.

आमचे विभागप्रमुख यादव सर ताईंना म्हणाले, "यापुढे दिसतं तेवढंच सांगायचं."

"घाबरलेला दिसतोय म्हणूनच सांगितलं," ताई म्हणाल्या, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. आपल्या तोंडापायी पोराची नोकरी जाणार, हे त्यांनी फार मनाला लावून घेतलं. त्यांनी नवी सीडी केली. "आकृती सात. गाय. आकृती आठ. गोठा." डब्यातली भाजी खारट आहे, हेही त्या सांगेनाशा झाल्या. मला ते ऐकवत नव्हतं. सीडी पोस्टाने हिरामणकडे गेली.

फेरपरीक्षेचा निकाल लागला आणि हिरामण एसटी पकडून थेट आमच्या खोलीत हजर. सरही तिथेच होते. ताईंचा चेहरा उतरला.

"पास झालो, मॅडम. डेअरीवाल्यांनी सोमवारी बोलावलं शे."

ताई मटकन खुर्चीत बसल्या. सर खूश झाले. "बघा, नवी सीडी कामाला आली."

"नाय, सर. तिच्यात कोणीच नाय. मी जुनीच ऐकली. लिहिताना तेवढी माणसं गाळली."

सर छताचा पंखा बघू लागले.

मग हिरामण म्हणाला, "मॅडम, तुम्ही सगळ्यांचं सांगता. तुम्ही स्वतः कशा दिसता?"

ताईंना काही सुचेना. एवढ्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. शेवटी सरांनीच घसा खाकरला.

"पन्नाशीच्या बाई. जाड चष्मा, हिरवी ओढणी. रडताहेत, आणि आम्हाला कळू नये म्हणून खिडकीबाहेर बघताहेत."

"सर," ताई म्हणाल्या, "दिसतं तेवढंच सांगायचं."

"तेवढंच सांगतोय," सर म्हणाले.