गालावरचा ओरखडा

गेलेल्या आईच्या फोटोची एकच स्लाइड उरली होती, तीही बुरशी लागलेली. तिच्यावरून मी एक्स-रे फिल्मवर मोठी निगेटिव्ह करत होते. फिल्मही शेवटचीच. लाल उजेडात, ट्रेमधल्या द्रावणात आईचा चेहरा उमटू लागला आणि शेजारी उभ्या बाबांनी न राहवून बोट पुढे केलं.

“बाबा, नको! ओली फिल्म नखानेही खरवडते!”

त्यांनी दचकून हात मागे घेतला. “लागलं का तिला?”

गालावर त्यांच्या नखाचा बारीक ओरखडा उठला होता. माणूस गेल्यावरही त्याला लागू नये, असं वाटतच राहतं.

त्या निगेटिव्हवरून उन्हात छापलेल्या निळ्या फोटोत ती रेघ गडद उतरली. “रंगाने झाकू का?” मी विचारलं.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “आमचा दोघांचा एकत्र फोटो नव्हताच.”