इंटरवलनंतरची

माझ्या स्वयंपाकघरात सध्या एका राक्षसाचं डोकं आहे. मी त्यात लसूण ठेवते. डोकं प्लास्टिकचं, हिरवं, दात बाहेर आलेले. टाळूचं झाकण उघडलं की आत चांगला किलोभर लसूण मावतो. कामाला येणारी बाई पहिल्या दिवशी त्याला हात लावायला तयार नव्हती. आणि नात माझ्यावर अजून रुसलेली आहे, कारण तिच्या मते त्याची जागा काचेच्या कपाटात होती.

"आजी, ये लिमिटेड एडिशन है," असं ती मला रोज ऐकवते. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं. मी म्हणते, लसूणही लिमिटेडच असतो बाई, कोंब फुटायच्या आत संपवावा लागतो.

हा राक्षस सिनेमात आहे. पण सिनेमा लागायच्या कितीतरी आधी तो आमच्या रायपूरच्या शंकर नगरातल्या घरात शिरला होता. आधी बिस्किटाच्या पुड्यावर आला, मग टूथपेस्टच्या खोक्यावर, मग पिझ्झ्याच्या डब्यावर. मुलगा उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून दमून आला आणि त्याने फ्रीजमधून थंड पेयाची बाटली काढली, तर तिच्यावरही हेच दात. नातीने मला समजावून सांगितलं की याला टाय-अप म्हणतात. सिनेमावाला बिस्किटवाल्याला सांगतो, तू माझं तोंड छाप, मी तुझं नाव गाजवतो. मी नवलाने मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाने अशी मान डोलावली की पोरींना बरं वाटतं. तिला काय ठाऊक, की या धंद्यात तिची आजी एकोणिसाव्या वर्षी अशी तोंडघशी पडली होती की पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायकांनी तिचं नाव जन्मभरासाठी पाडून टाकलं.

तेव्हा मी लग्न होऊन नुकतीच गोंदियाहून रायपूरला आले होते, पुरानी बस्तीतल्या सासरी. वेणी कमरेखाली आणि अक्कल वेणीच्या शेंड्याला बांधलेली. गोंदियाला भावांबरोबर चिक्कार सिनेमे पाहिले होते, त्यामुळे जगातलं आपल्याला जरा जास्तच कळतं असा माझा समज होता. रायपूरच्या बायका मला जुनाट वाटत. हे मी मनात ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण मी मनात काही ठेवणारी नव्हते.

संक्रांत जवळ आली. लग्नानंतरची पहिली संक्रांत, म्हणजे माझं पहिलं हळदीकुंकू. आणि आमच्या पाऱ्यातल्या मराठी बायकांची एक खोड होती. नवी सून पहिल्या वर्षी जे वाण लुटेल, तेच तिचं नाव पडायचं. शेजारच्या घरची गाळणीवाली. पलीकडची साबणदाणीवाली. एकीने बिचारीने हौसेने उंदराचे पिंजरे वाटले होते. पुढे तिची नातवंडं कॉलेजात गेली तरी ती पिंजरेवालीच राहिली. सासूबाईंनी माझ्यासाठी चहाच्या गाळण्या ठरवून टाकल्या होत्या. म्हणजे मी दुसरी गाळणीवाली होणार, धाकटी गाळणीवाली. या विचाराने मला रात्रंदिवस चैन पडेना.

आणि नेमका तेव्हाच भोंगा आला. सायकल रिक्षाच्या दोन्ही बाजूंना पोस्टर, आत बसलेला माणूस भोंग्यातून ओरडत होता, की नवा सिनेमा येत आहे, अमक्या आवळा तेलाची दोन रिकामी खोकी टॉकीजच्या खिडकीवर द्या आणि हिरोइनच्या फोटोचा आरसा फुकट न्या. पोस्टरवर हिरोइन पोपटी साडीत, अंबाड्यावर गजरा, हातभर बांगड्या, हातातल्या आरशात बघून कुंकू लावते आहे. मी खिडकीत उभी होते. कुंकू, आरसा, बांगड्या! सवाष्णीला द्यायला याहून चांगलं वाण कोणतं? मनातल्या मनात मी आरसेवाली होऊनही गेले.

मग सुरू झाली खोक्यांची शिकार. सासूबाईंना सांगितलं, गोंदियाला भरतकाम पाठवायचं आहे, त्याला खोकी लागतात. शेजारणींना सांगितलं, सासूबाईंना पाहिजेत. घरात त्या महिन्यात इतकं तेल लागलं की आमच्या उशा पिळल्या असत्या तर दिवा लागला असता. यांच्या डोक्यावर मी रोज सकाळी वाटीभर थापत असे. ऑफिसात कुणीतरी यांना विचारलं म्हणे, घरी तेलाचा घाणा टाकला का.

माझं खोटं पकडलं ते आत्याबाईंनी. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांच्या बहीण. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून भावाकडेच. पांढरं नऊवारी, मोकळं कपाळ, डोक्याला साधं खोबरेल. सुवासिक तेल त्या लावत नसत. बोलत कमी, पण ज्या दिवशी बोलत त्या दिवशी समोरचा हातातलं काम विसरत असे. एकदा तांदूळ निवडता निवडता वर न बघताच म्हणाल्या, "गोंदियाले खोके काहून पाठवून राहिली व? तेलाच्या एवढ्याशा खोक्यात भरतकाम मावते काय?"

मी सगळं खरं सांगून टाकलं. वाटलं, आता सासूबाईंच्या कानावर जाणार. तर त्यांनी एवढंच विचारलं, की आरसा कसा आहे. मी वर्णन केलं, पोपटी साडीसकट. त्या ऐकत राहिल्या आणि पुन्हा तांदळात बोटं फिरवू लागल्या. दुसऱ्या दिवसापासून देवळातून येताना त्यांच्या पदराखाली दोन-तीन खोकी असत. कीर्तनाला येणाऱ्या बायकांकडून त्यांनी ती कशी काढली, ते त्या देवालाच माहीत.

यांच्या सायकलला दोन पिशव्या अडकवून आम्ही टॉकीजवर गेलो. हे लाजून दूर उभे राहिले, जणू माझी आणि त्यांची ओळखच नाही. खिडकीतल्या माणसाने खोकी मोजून घेतली, दोन गठ्ठे पुढे ओढले आणि विचारलं, "बहनजी, कौन-से दूँ? इंटरवल के पहले वाले, कि इंटरवल के बाद वाले?"

आतमध्ये दुपारचा खेळ चालू होता. मला वाटलं, हा वेळ विचारतो आहे. मी पदर सावरून मोठ्या ऐटीत म्हटलं, "भैया, इंटरवल तक कौन रुकेगा? अभी दे दो।"

त्याने कपाळाला हात लावला. मग त्याने दोन्ही गठ्ठ्यांतले मिळून दिले. प्रत्येक आरसा गुलाबी कागदात बंद, वर सोनेरी चांदणी. कागद इतका सुरेख होता की उघडून बघायची इच्छा झाली नाही. उघडला असता तर आज हे लिहायला विषयच राहिला नसता. घरी आल्यावर आत्याबाईंना सांगितलं, की टॉकीजवाला मला इंटरवलपर्यंत उभी ठेवणार होता, मी बरी हुशार. त्या म्हणाल्या, "असं म्हणला काय तो?" आणि जरा विचारात पडल्या. मी नाही पडले. विचारात पडायची तेव्हा मला सवय नव्हती.

हळदीकुंकवाच्या दिवशी घर भरलं. सासूबाईंना मी सकाळीच सांगितलं होतं की गाळण्या पुढच्या वर्षी, यंदा मी आणलंय ते बघाच. त्यांनी विश्वास ठेवला. हे मला नंतर फार लागलं. त्यांनी एकदाही विचारलं नाही, की पुडीत काय आहे. आत्याबाई नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत होत्या, तिळाच्या वड्या ताटात लावत. हळदीकुंकवाला त्या बाहेर येत नसत. तशी पद्धत होती, आणि ती पद्धत कुणी घातली असं विचारायचीही पद्धत नव्हती.

मी काळ्या साडीत, हलव्याचे दागिने घालून, हळदीकुंकू लावत, अत्तर लावत, गुलाबी पुड्या वाटत फिरले. पहिल्या दोघींनी कागद उघडला आणि माना डोलावल्या. पोपटी साडी. एकीने तर लगेच आरशात बघून टिकली नीट केली. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्याही हसत होत्या. झालं, आरसेवाली ठरले.

मग पिंजरेवालीच्या सासूने पुडी उघडली. पाऱ्यातली सगळ्यांत वडील बाई, तिच्या शब्दावर लग्नं जुळत आणि मोडत. तिने आरसा उलटा केला, फोटो पाहिला आणि तो सतरंजीवर पालथा ठेवला. तिच्या शेजारणीनेही पालथा ठेवला. मी वाकून एक उचलला. तीच हिरोइन, पण पांढरी साडी, मोकळं कपाळ, दोन्ही हात रिकामे. दुसरा उचलला. तोही तसाच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी पाऱ्यातल्या सवाष्णींच्या ओटीत विधवेचं चित्र टाकलं होतं.

सासूबाईंचं तोंड उतरलं. आता आपलं नाव काय पडणार, हे मला कळलं. आणि अशा वेळी शहाणी बाई गप्प बसते. मी मोठ्याने म्हणाले, "तो टॉकीजवाला विचारून राहिला होता, इंटरवलच्या आधीची देऊ का इंटरवलनंतरची. मले वाटलं, वेळ सांगून राहिला."

कुणी हसलं नाही. पिंजरेवालीच्या सासूने उठायला हात टेकला. ती उठली असती तर तिच्या मागे सगळ्या उठल्या असत्या, आणि आमच्या उंबऱ्यावर पुन्हा कोण कधी आलं असतं, सांगता येत नाही.

तेवढ्यात आतल्या दारात आत्याबाई दिसल्या. हाताला गूळ लागलेला. एवढ्या वर्षांत हळदीकुंकवाच्या दिवशी त्या कधी दारातही उभ्या राहिल्या नव्हत्या.

"माहं वाण राहिलं ना, पोरी," त्या म्हणाल्या. "मले इंटरवलनंतरची दे."

मी जागची हलले नाही. तेव्हा त्या स्वतःच बाहेर आल्या, सतरंजीवर बसल्या आणि पालथे आरसे एकेक करून पदरात गोळा करायला लागल्या. पिंजरेवालीच्या सासूपुढे पोचल्यावर थांबल्या. या दोघी लहानपणी एकाच गल्लीत सागरगोटे खेळलेल्या. "तुही अजून इंटरवलच्या आधीचीच चालू आहे, माय," आत्याबाई म्हणाल्या, "सुखानं पाह्य. ही माह्यासाठी राहू दे."

म्हातारीने मान खाली घातली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे, पण ती हसत होती. टेकलेला हात तिने उचलला आणि पुन्हा मांडी घातली. सासूबाई उठल्या. कुंकवाच्या करंड्याकडे त्यांचा हात गेला नाही, तेवढं धाडस त्या काळी आमच्या घरात नव्हतं. पण तिळगुळाची वाटी घेऊन त्या सगळ्यांदेखत आत्याबाईंसमोर बसल्या आणि त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. ज्यांच्या वाट्याला पोपटी आरसा आला नाही, त्यांना गाळण्या मिळाल्या. सासूबाईंनी त्या आणूनच ठेवल्या होत्या. माझ्यावर विश्वास होता, पण इतकाही नव्हता.

नाव अर्थातच पडलं. इंटरवलवाली. पोळ्याच्या बाजारात, देवळात, लग्नात, "कोणती सून? ती इंटरवलवाली काय?" पहिली काही वर्षं मी चिडत असे. मग सवय झाली. मग कुणी चुकून खऱ्या नावाने हाक मारली तर मीच वळून बघायची नाही.

आणि सिनेमावाल्यांचं म्हणाल, तर त्यांची जाहिरात अशी फळली की कुठल्या राक्षसाला जमणार नाही. पुढच्या शुक्रवारी सिनेमा लागला आणि हळदीकुंकवाची निम्मी पंगत टॉकीजवर हजर. इंटरवलनंतर असं झालं तरी काय, हे प्रत्येकीला बघायचं होतं. सासूबाईंनी स्वतःहून आत्याबाईंना चल म्हटलं. जन्मात पहिल्यांदा त्या टॉकीजमध्ये गेल्या. पहिल्या अर्ध्या सिनेमात हिरोइन गाणी म्हणत बागेत पळत होती आणि आत्याबाई चक्क पेंगत होत्या. दिवे लागले, बायका शेंगदाणे घ्यायला उठल्या, तशा त्या जाग्या झाल्या. मी विचारलं, घरी जायचं का. त्यांनी पदर नीट केला, पाठ ताठ केली.

"बस गुमान," त्या म्हणाल्या, "आता माही सुरू होते."

त्या गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत एकच आरसा निघाला. बाकीचे त्यांनी कीर्तनाला येणाऱ्या त्यांच्यासारख्या बायकांना केव्हाच वाटून टाकले होते. दरवर्षी संक्रांतीला एकेक, असं पुढे कुणीतरी सांगितलं. म्हणजे त्या आतल्या खोलीत बसून स्वतःचं हळदीकुंकू करतच होत्या, आणि मी बाहेर गाळण्या वाटत होते. तो आरसा आता माझ्याकडे आहे. पाऱ्याचे डाग पडलेत, हिरोइनचं नाक गेलंय. आमचे हे जाऊनही आता सहा संक्रांती झाल्या.

तर राक्षसाचं डोकं. नातीने मला मॉलमधल्या मल्टिप्लेक्सला नेलं ते या डोक्यापायीच. त्यात मक्याच्या लाह्या भरून देतात, आणि एका तिकिटावर एकच डोकं, तिला दोन हवी, म्हणून दुसरं तिकीट लागत होतं. ते तिकीट म्हणजे मी. काउंटरवर गर्दी. गणवेशातली एक चटपटीत पोट्टी माझ्याकडे वाकून म्हणाली, "दादीजी, आप अभी लेंगी, कि इंटरवल के बाद?"

आता मात्र ती खरंच वेळ विचारत होती. आणि मला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नात घाबरून पाठ चोळायला लागली, "क्या हुआ आजी, पानी लाऊँ?" मागची रांग चुळबुळ करायला लागली.

मी त्या पोरीला म्हटलं, "इंटरवलनंतरची दे, माय."

तिला मराठी काही समजलं नाही. नातीला समजलं, पण एवढंच, की आजीला आत्ता नको आहे. मी तिचा हात धरून अंधारात शिरले. पहिला अर्धा सिनेमा कुणीतरी कुणाच्या तरी मागे पळत होतं. मी छान झोप काढली. दिवे लागले तेव्हा नात माझं डोकं आणायला उठली, आणि मी पदर नीट करून बसले.