सात उरेपर्यंत

दादा गेला, हे सांगायला भाच्याचा फोन आला तेव्हा मी नेपानगरहून बुऱ्हाणपूरला निघायच्या तयारीतच होते. पिशवीत औषधं, नॅपकिन, पातळ खिचडीचा डबा, सगळं क्रमाने भरलेलं. दुपारपर्यंत थांबायला काय झालं होतं? पण माझ्या वेळापत्रकात बसणं त्याला जन्मात जमलं नाही.

माझा हा थोरला भाऊ शाळेत गणित शिकवायचा. ७,३९,३९,१३३ ही त्याची लाडकी संख्या. ती मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. एवढ्यावर थांबावं की नाही? पण तिचा शेवटचा आकडा काढा, उरते ती संख्याही मूळच. पुन्हा शेवटचा काढा, तरी मूळ... असं नुसता सात उरेपर्यंत. या गुणाची याहून मोठी संख्याच नाही म्हणे. माझ्या लग्नात पंगतीला माझ्या सासऱ्यांशेजारी बसून त्याने ताटाच्या काठावर कढीने ती लिहिली आणि बोटाने एकेक आकडा पुसायला लागला. सासरे मावा जिलेबी हातात धरून ताटकळलेले. मी खुणेने म्हटलं, पुरे. तर म्हणतो, "थांब गं, सात हजार तीनशे त्र्याण्णव तर बघू दे त्यांना!"

दिवाळीनंतर त्याला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. उरले फक्त आकडे. पाणी हवं का विचारा, आकडे. दुखतंय का विचारा, आकडे. तेही दर खेपेला कमी कमी. भाचा थकून गेला होता. "आत्या, पप्पांना काही समजत नाही आता. दिमागच खाली होत चाललाय. बोलायची एक्सरसाइज बंद करू, फालतूची तकलीफ त्यांना." शिकवायला येणाऱ्या बाईंना नका येऊ म्हणून कळवायचं ठरलंही होतं.

मी उशाशी बसले. "सात तीन नऊ तीन," दादा म्हणाला. मग, "सात तीन नऊ." गळत होता तो शेवटचाच आकडा, मधला एकही नाही! माझं डोकं फिरलं. "दादा, पाणी म्हण, माझं नाव घे, हे काय लावलंयस?"

"सात तीन."

मी मुद्दाम म्हटलं, "सात पाच." शेवटी पाच आला की पाचने भाग जातो, हे मलाही कळतं. त्याने चांगल्या हाताने माझ्या हातावर सणसणीत चापट मारली.

"अरे, यांना तर समजतंय!" भाचा म्हणाला.

"समजतंय सगळं. बोलणार मात्र याच विषयावर."

बाई येत राहिल्या. पुढे तो 'पाणी' म्हणाला. एकदा माझं नावही घेतलं, अर्धंच... आणि मग दुसरा झटका.

परवा इच्छापूरच्या रस्त्यावर केळीच्या ट्रकमागे आमची गाडी अडकली. मी ट्रकच्या नंबरातला शेवटचा आकडा तळहाताने झाकला आणि उरलेल्याला भागायला लागले. तीनने गेला नाही. तेवढ्यात नवऱ्याने हॉर्न वाजवून गाडी बाजूला काढली.

"अहो, थांबा ना जरा," मी ओरडले, "अजून सातने बघायचंय!"