उत्तर उतारावरची काळी माती

हिमाचलातल्या एका खोऱ्याचा मृदा नकाशा आम्ही तीन हंगाम करत होतो. कामाची पद्धत ठरलेली असते. डोंगरउतारावर कमरेइतका खड्डा खणायचा, त्याच्या एका भिंतीवर मातीचे थर पाहायचे आणि प्रत्येक थराची जाडी, दगडांचं प्रमाण, बोटांना लागणारा पोत आणि रंग लिहायचा. रंग मनाने लिहायचा नसतो. त्यासाठी रंगीत चौकोनांची एक वही असते. ओल्या मातीचं ढेकूळ चौकोनांशेजारी धरायचं आणि जुळेल तो क्रमांक नोंदवायचा.

अशा नोंदींवरून मी खोऱ्यातल्या मातीचे तीन प्रकार मांडले होते. नदीकाठच्या पायऱ्यांच्या शेतांतली करडी माती, दक्षिणेकडच्या चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, उतारावरची तपकिरी आणि उत्तरेकडे बानाच्या जंगलाखालची, जवळजवळ काळी. बान म्हणजे तिकडचा ओक. त्याची पानं वर्षानुवर्षं कुजून झालेला तो थर स्पंजासारखं पाणी धरतो आणि खालच्या गावाचे झरे भर उन्हाळ्यातही वाहतात. नकाशात ही माती वेगळी दाखवली, तर तिच्यापुढे 'जंगल राखावे' अशी शिफारस जाणार होती. तपकिरीत मिसळली, तर अख्खा डोंगर 'सफरचंदाच्या बागांस योग्य' ठरणार होता.

नकाशा छपाईला जायच्या आधी ऑफिस हललं. दिल्लीतली आमची जुनी, व्हरांड्याची इमारत सोडून आम्ही गुडगावला एका कोऱ्या करकरीत इमारतीत भाड्याने गेलो. तेव्हा तिकडे अशा इमारती भराभर उगवत होत्या: वरपासून खालपर्यंत काच, आत एसी, खालच्या मजल्यावर कॉम्प्युटरवाली कंपनी आणि फाटकाबाहेर मात्र मोकळे प्लॉट आणि मोहरीची शेतं. सामान हलवायची यादी मी केली होती. शेहेचाळीस खोकी, प्रत्येकावर क्रमांक. मातीच्या नमुन्यांची एकही पिशवी हरवली नाही.

छपाईआधी काही नमुन्यांचे रंग दुसऱ्या माणसाने पुन्हा वाचायचे, असा आमच्याकडे नियम. हे काम आलं माझ्या मराठी सहकाऱ्याकडे. तो दिल्लीतच वाढलेला, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. ट्यूबलाइटखाली रंग वाचायचा नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. नव्या ऑफिसात त्याने खिडकीजवळ टेबल ओढलं, माती ओली केली आणि दोन दिवस मान मोडून वाचन केलं. चिडाखालची आणि बानाखालची माती त्याला एकाच चौकोनावर जुळली.

"ताई, सेम टु सेम आहे यार," तो म्हणाला. "मी तीनदा पाहिलं."

साहेब लखनौचे. ते हसले. "आप महाराष्ट्रवाले भी ना, जहाँ जाते हैं, काली मिट्टी ढूँढ लेते हैं." मग गंभीर होऊन म्हणाले, "सोमवार को फाइल प्रेस जाएगी. दोनों को एक कर दीजिए."

मी स्वतः खिडकीशी बसून पाहिलं. मलाही फरक दिसेना. तीन हंगाम उताराउतारावर फिरून केलेलं वर्गीकरण, आणि माझेच डोळे मला साथ देईनात. आदल्याच वर्षी वाचायचा चष्मा लागला होता. शनिवारी सकाळी जाऊन डोळे तपासून घेतले. नंबर तोच होता. घरी येऊन मी कामांच्या यादीत 'डोळे' खोडलं. पुढचं काम होतं 'साडीला फॉल'.

कॉफी रंगाच्या एका साडीसाठी दुकानदाराने दोन छटांचे फॉल दिले होते, जुळेल तो ठेवा म्हणून. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी ते ऑफिसच्या खिडकीत साडीवर धरून पाहिले होते. दोन्ही इतके सारखे दिसले, की मी एक उचलला आणि दुसरा परत केला. आता बाल्कनीत बसून फॉल टाचायला घेतला, तर तो चक्क तांबडा. साडीशी त्याचा काही संबंध नव्हता.

सुई तशीच अडकवून मी उठले. दुकानात आपण साडी घेऊन दारापर्यंत का जातो, हे कोणत्याही बाईला सांगावं लागत नाही. आमच्या खिडकीला तपकिरी काच होती. त्या मंद, तपकिरी उजेडात सगळे गडद रंग एक होत होते, आणि आम्ही दोघं त्याला सूर्यप्रकाश समजून बसलो होतो.

सोमवारी साडेदहाला मी बारा थाळ्यांत माती काढली. खोऱ्यातले क्रमांक थाळ्यांच्या खाली चिकटवले, म्हणजे वाचणाऱ्याला कुठली माती कुठली ते कळू नये. इस्त्रीचा पाण्याचा फवारा घेतला आणि साहेबांना म्हटलं, "सर, पंधरा मिनट. नीचे प्लॉट में."

"धूप में?"

"धूप में ही, सर."

मी वाचणार नाही, फक्त लिहीन, असं आधीच सांगितलं. साहेब आणि सहकारी एकमेकांना न सांगता वाचत गेले. फाटकावरचा गार्ड येऊन उभा राहिला. "मॅडम, ये क्या बिक रहा है?" त्याने विचारलं. तिसऱ्या थाळीलाच सहकाऱ्याचा हात वहीवर थांबला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "ही तर काळी आहे."

"बोलू नको. क्रमांक माझ्या कानात सांग."

बारा झाल्यावर मी थाळ्या उलटून कागद मांडले. दोघांचं वाचन एकमेकांशी जुळत होतं, आणि बारापैकी अकरा ठिकाणी माझ्या डोंगरावरच्या नोंदीशीही. बाराव्या थाळीत चूक माझी होती. ती मी तिथेच लाल शाईने दुरुस्त केली. बानाखालच्या पाचही थाळ्या काळ्या निघाल्या.

साहेबांनी रुमालाने हात पुसले. एक काळी थाळी उचलून त्यांनी वर आमच्या काचेच्या इमारतीकडे पाहिलं आणि पुन्हा थाळीकडे. "फाइल मँगवाइए," ते म्हणाले.

मातीच्या नव्या प्रकाराला तो जिथे पहिल्यांदा ओळखला त्या गावाचं नाव द्यायचं, अशी आमच्या कामातली रीत आहे. प्लॉटमध्ये उभ्याउभ्या, साहेबांच्या पाठीचा आधार घेऊन सहकाऱ्याने फाइलमधला 'दोन्ही माती एकच' हा आपला शेरा खोडला. मग साहेबांनी पेन उघडलं आणि गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. झऱ्यांचं ते वीस घरांचं गाव त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या, आणि मी सही केली.